लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, कॅसिनोचं हॉटेल आणि नवऱ्याची जुनी सवय

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं होतायत. मोठ्या दिरांनी सगळ्यांना सिंगापूरला न्यायचं ठरवलंय. तीन रात्री मरीना बे सँड्स या कॅसिनो असलेल्या हॉटेलात, खर्च बहुतेक त्यांचाच. सगळे खुश आहेत, माझ्या मात्र पोटात गोळा आलाय. तीन वर्षांपूर्वी माझा नवरा ऑनलाइन रमीत नऊ लाख हरला. माझं सोनं गहाण ठेवून आम्ही ते निस्तरलं. ही गोष्ट फक्त मला आणि माझ्या भावाला माहीत आहे, सासरी कुणालाच नाही. गेली दोन वर्षं त्याने पत्त्याला हात लावलेला नाही. पण दिरांनी घरच्या ग्रुपवर लिहिलंय, "एक रात्र आम्हा पुरुषांची, प्रत्येकी दहा हजार, कॅसिनोत!" नवरा म्हणतो, "सगळ्यांबरोबर नुसता उभा राहीन, माझ्यावर विश्वास ठेव." सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "जुगाराच्या जागी नातवंडांना कशाला न्यायचं?" त्यांचंच निमित्त पुढे करून हॉटेल बदलायला लावू? सहलच नको म्हणू? की मी उगाच संशय घेतेय? मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मुलगी नऊ.

– एक सून

ताई,

सगळ्यात आधी त्या इमारतीबद्दल सांगते. तुमच्या पत्रात हॉटेल आणि कॅसिनो एकच होऊन बसलेत, आणि तिथूनच पुढचा सगळा घोर वाढत गेलाय. लास वेगासमधल्या अनेक मोठ्या हॉटेलांत रिसेप्शनपासून लिफ्टपर्यंत जायचं तर कॅसिनोच्या मजल्यातूनच जावं लागतं. मशीनचे आवाज, दिवे, सिगारेटचा धूर हे सगळं मुलांना घेऊन ओलांडायचं. मरीना बे सँड्सची रचना तशी नाही. हॉटेलचे तीन उंच टॉवर एका बाजूला आहेत आणि रस्त्यापलीकडे मॉल, अधिवेशन केंद्र वगैरे. कॅसिनो त्या पलीकडच्या भागात आहे. त्याच्या दारावर तपासणी होते, 21 वर्षांखालच्या कुणालाही आत सोडत नाहीत, आणि परदेशी माणसाला पासपोर्ट दाखवावा लागतो. संपूर्ण संकुलाच्या बांधकामात कॅसिनोचा वाटा 3 टक्क्यांच्याही आत आहे. तीन दिवस तिथे राहून, वर 57व्या मजल्यावरच्या तलावात पोहून, मागच्या बागेत फिरून, कॅसिनोचं दारही न बघता परत येता येतं. असंख्य कुटुंबं तशी येतातही.

त्यामुळे मुलांवर काय परिणाम होईल ही चिंता बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. सासूबाईंनाही हेच समजावून सांगता येईल. त्यांचा आक्षेप खरा असेल तर या माहितीने बराचसा निवळेल.

पण तुमची स्वतःची भीती याने निवळणार नाही, आणि ती निवळू नये असंच मला वाटतं. तुम्ही संशयी नाही आहात. तुम्हाला धोका बरोबर दिसतोय, फक्त तो अख्ख्या हॉटेलभर पसरलेला दिसतोय. तो एका दाराशी आहे.

त्या दाराबद्दल एक गोष्ट तुमच्या नवऱ्यालाही ठाऊक असायला हवी. सिंगापूरने कॅसिनोला परवानगी द्यायचा निर्णय 2005 साली घेतला तेव्हा तिथे मोठा वाद झाला होता. आपल्याच लोकांची घरं बुडतील ही भीती सरकारलाही होती. म्हणून त्यांनी स्वतःच्या नागरिकांभोवती आणि कायमच्या रहिवाशांभोवती कुंपण घातलं. त्यांना कॅसिनोत पाऊल टाकायलाच 24 तासांसाठी 150 सिंगापूर डॉलर किंवा वर्षासाठी 3,000 डॉलर भरावे लागतात. आत जाण्याआधी माणसाने एकदा थांबून विचार करावा, हा त्यामागचा हेतू. आणखी एक सोय त्यांच्या कायद्यात आहे, ती वाचून मला फार बरं वाटलं होतं. ज्याला स्वतःची भीती वाटते तो स्वतःहून अर्ज करून स्वतःवर प्रवेशबंदी लावून घेऊ शकतो. आणि घरचा माणूस बुडतोय असं दिसलं तर बायको, आई-वडील, भावंडं त्याच्यावर बंदीची मागणी करू शकतात. म्हणजे जुगार हा एकट्या माणसाचा खासगी मामला नाही, त्यात घराला बोलण्याचा हक्क आहे, हे तिथल्या कायद्याने मान्य केलंय. तुम्हाला मात्र आपण बोलतोय म्हणजे काही गुन्हा करतोय असं वाटतंय.

पर्यटकाला मात्र यातला तो पैशांचा अडसर नाही. पासपोर्ट दाखवला की आत, एक पैसा न देता. जे दार स्थानिक माणसासाठी मुद्दाम जड केलंय, तेच तुमच्या नवऱ्यासाठी सताड उघडं आहे. आणि ते चोवीस तास उघडं असतं. म्हणून "संध्याकाळ इतर कार्यक्रमांनी भरून टाकू, म्हणजे वेळच उरणार नाही" या उपायावर मी फारशी विसंबणार नाही. सगळे झोपल्यावर पहाटे दोन वाजताही ते उघडंच असतं.

आता त्याच्या त्या वाक्याकडे येते: "नुसता उभा राहीन, माझ्यावर विश्वास ठेव." तो खोटं बोलतोय असं मला अजिबात वाटत नाही. दोन वर्षं लांब राहणं ही लहान गोष्ट नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. तुमचा नवरा त्याच्या कितीतरी आधी थांबला होता. ते श्रेय पूर्ण त्याचं आहे, आणि पुढच्या बोलण्याची सुरुवात तुम्ही तिथूनच करावी. पण जुगाराचं वेड हे निव्वळ चुकीच्या वागण्याचं प्रकरण नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच गटात आणून बसवलं. दारू सोडलेल्या माणसाला आपण "चल, बारमध्ये नुसता बस, दुसरे पितील" असं म्हणत नाही. त्याच्यावर विश्वास नसतो म्हणून नव्हे. त्याने कष्टाने मिळवलेलं पणाला लावायचं काहीच कारण नसतं, म्हणून.

शिवाय जागा बघा. खोलीत एकट्याने फोनवर खेळलेली रमी आणि हे, यात फरक आहे. इथे भाऊ शेजारी असेल, हातात ग्लास असेल, कुणीतरी जिंकल्यावर सगळे ओरडतील, आणि "अरे, आईबाबांच्या पन्नासाव्याला आलोय, एक डाव खेळ की" असं प्रेमाने म्हटलं जाईल. त्या क्षणी नाही म्हणायचं तर त्याला एक तर कारण सांगावं लागेल, नाही तर कारण लपवत नाही म्हणावं लागेल. दोन्ही त्या गर्दीत करणं फार अवघड आहे. हेच नाही म्हणणं आठवडाभर आधी, घरी, फोनवर कितीतरी सोपं जातं.

दिरांच्या "प्रत्येकी दहा हजार" या हिशोबाबद्दलही बोलते, कारण तुमच्यासारख्या इतर घरांतही हाच हिशोब मांडला जातो. ज्याला हे वेड कधी लागलेलं नाही आणि जो ते दहा हजार नाटकाच्या तिकिटासारखे गेले असं समजून खिशातून काढतो, त्याच्यासाठी ही मर्यादा ठीक आहे. पण आत गेल्यावर गणित कसं चालतं ते माहीत असावं. रूलेट म्हणजे फिरत्या चक्रात गोळी कुठल्या आकड्याच्या घरात पडते त्यावर पैसे लावायचा खेळ. त्याच्या साध्या चक्रात 37 घरं असतात. समजा तुम्ही प्रत्येक घरावर 100 लावले, म्हणजे एकूण 3,700. कुठलं ना कुठलं घर लागणारच, आणि तुमच्या हातात येणार 3,600. शंभर दरवेळी कॅसिनोचे. ज्या चक्रात शून्याबरोबर दुहेरी शून्यही असतं, तिथे 3,800 लावून तेच 3,600 परत मिळतात. एका डावात कुणीही जिंकू शकतं, पण जितका वेळ बसाल तितकं हे गणित तुमच्यावर चालत राहतं. ज्याला कधीकाळी "गेलेलं भरून काढू" या विचाराने पछाडलं होतं, त्याच्यासाठी दहा हजारांची मर्यादा ही मर्यादाच नसते. नऊ लाखांची सुरुवातही कुठल्या तरी छोट्या आकड्यापासूनच झाली असणार. तेव्हा त्याच्यासाठी आकडा शून्य. थोडंसं, एकदाच, सगळ्यांसमोर, असली तडजोड त्याच्यासाठी ठेवू नका.

मग सासूबाईंचं निमित्त का नको? तुम्हाला ते सोपं वाटतंय, आणि इतकी वर्षं एकटीने हे ओझं वाहिल्यावर सोपा रस्ता खुणावणारच. पण त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवलीत तर काय होईल? दीर हॉटेल बदलतील. कदाचित सेंटोसा बेटावरच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये जाऊ म्हणतील. सिंगापूरमधला दुसरा कॅसिनो तिथेच आहे, दोन्ही 2010 मध्ये सुरू झाले. किंवा शहरातलं दुसरं हॉटेल घेतील, आणि टॅक्सीने दहा मिनिटांत पुरुषमंडळी पुन्हा त्याच दाराशी. म्हातारीने सगळ्यांचा विरस केला हा ठपका तेवढा कायम राहील, आणि तुमच्या नवऱ्याचं संरक्षण काडीचंही होणार नाही. सहलच रद्द करण्याचंही तसंच आहे. पन्नास वर्षं संसार केलेल्या दोघांचा हा सोहळा आहे, तो का मोडायचा? शिवाय पुढच्या वर्षी कुणी गोव्याला जाऊ म्हणेल. तिथे पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत. कुणी क्रूझ सुचवेल, त्यातल्या बऱ्याच जहाजांवर कॅसिनो असतो. किती सहली रद्द करणार?

माझ्या मते बोलायला हवं ते नवऱ्याशी, आणि याच आठवड्यात. रात्री दमून आल्यावर नको, मुलं घरात असताना नको. "तू जाशील का?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर तो आधीच देऊन बसलाय. त्याऐवजी असं काहीसं म्हणून बघा: "दोन वर्षं तू जे केलंस त्याचा मला अभिमान आहे. मला ते जपायचंय. त्या रात्री तू आत जाऊ नयेस असं मला वाटतं, उभं राहायलाही नाही. हे दादांना काय आणि कसं सांगायचं ते तू ठरव, मी सोबत आहे." तो चिडला तर लगेच वाद घालू नका. चिडण्यात लाज बरीच असते. एक-दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विषय काढा. पण काढा.

दिरांना किती सांगायचं हा निर्णय मी त्याच्यावर सोडेन. ती गोष्ट त्याची आहे, तुम्ही परस्पर सांगू नये. तुम्ही परस्पर सांगितलंत हे त्याला कळल्यावर तुमच्या दोघांत जी फट पडेल ती सिंगापूरच्या सहलीपेक्षा लांब टिकेल. कमीत कमी सांगायचं तर एवढंही पुरतं: "दादा, मला कॅसिनोत रस नाही, मी त्या रात्री आईबाबांबरोबर आहे." आणि थोडं धैर्य असेल तर: "दादा, मध्यंतरी ऑनलाइन रमीत माझे पैसे गेले. आता मी पैशांचा कुठलाच खेळ खेळत नाही. मला आग्रह करू नकोस आणि तूही मला सोबत दे." मला दुसरं वाक्य जास्त आवडेल. कारण आज घरात तुमच्याशिवाय त्याला सावरणारं कुणी नाही, आणि सगळ्या जगाशी लढताना तुम्हीच त्याच्या एकट्या पहारेकरी झाला आहात. मोठ्या भावाला कळलं तर आग्रह करणारा तोच माणूस ढाल होऊ शकतो. तुमच्या पत्रावरून ते आईवडिलांसाठी एवढा खर्च करणारे, माणसं जमवणारे दिसतात. ते समजून घेतील असा माझा अंदाज आहे. पण अंदाज माझा, भाऊ त्याचा. त्याला जे झेपेल ते.

काही व्यवहाराच्या गोष्टी आहेत, त्या दोघांनी मिळून ठरवायच्या, तुम्ही लादायच्या नाहीत. पासपोर्टशिवाय आत प्रवेश नाही, हे तुमच्या हातातलं सर्वात साधं साधन. सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट एकत्र, खोलीतल्या तिजोरीत, आणि कुलपाचा आकडा तुम्हाला माहीत. त्याने स्वतःहून "हा घे, तुझ्याकडे ठेव" म्हटलं तर त्याचं मोल वेगळंच. तुम्ही हिसकावून घेतलात तर तो अपमान होईल आणि रात्री तिजोरीपाशी नवं भांडण. कार्डांचं असं: रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक कार्डावर परदेशातला वापर चालू-बंद करायची आणि त्याची मर्यादा ठरवायची सोय बँकेला द्यावी लागते. त्याच्या कार्डांवरचा परदेशी वापर बंदच ठेवा, प्रवासाचे पैसे तुमच्या नावाच्या फॉरेक्स कार्डावर (परदेशी चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) ठेवा. रोख अगदी गरजेपुरती. कॅसिनोचं सदस्य-कार्ड कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. सहल संपल्यावरही त्यांचे सवलतीचे निरोप येत राहतात, आणि ते नेमके नको त्या दिवशी येतात.

त्याला आणखी पक्कं काही हवं असेल तर मी वर सांगितलेली स्वेच्छाबंदी परदेशी नागरिकालाही मागता येते. तिथली नॅशनल कौन्सिल ऑन प्रॉब्लेम गॅम्बलिंग ही संस्था हे काम बघते. अर्ज करायचा तर निघण्याच्या बऱ्याच आधी करा. हे मी प्रत्येकाला सुचवणार नाही. पण काही माणसांना "मला आत सोडतच नाहीत" हे वाक्य फार मोकळं करतं, कारण मग रात्रभर स्वतःशी भांडत बसावं लागत नाही.

मुलांना यात ओढू नका. "बाबांबरोबर राहा हं" असं मुलाला हळूच सांगण्याचा मोह होईल. पंधरा वर्षांचा मुलगा त्यातलं काहीतरी ओळखेल, आणि मग सहलभर तो बाबांकडे त्याच नजरेने बघेल. मॉलमध्ये फिरताना ते दार दिसलंच आणि मुलीने विचारलं, तर सरळ सांगा: इथे मोठी माणसं पैसे लावून खेळतात, बहुतेक जण हरतात, आपण खेळत नाही. तेवढं पुरे.

आता थोडं सोहळ्याबद्दलही. तिथला छतावरचा तलाव फक्त हॉटेलात उतरलेल्यांसाठीच आहे. निरीक्षण-गच्चीवर बाहेरचा माणूसही तिकीट काढून जातो, तलावात मात्र नाही. तेव्हा सगळ्यांना ओढ तलावाचीच असेल तर तीन रात्रींऐवजी एकच रात्र तिथे आणि बाकीच्या दुसऱ्या साध्या हॉटेलात, हा प्रस्ताव दिरांपुढे ठेवता येईल. त्यांचा खर्च बराच वाचेल. खोलीच्या जाहिरातीतल्या दरावर 10 टक्के सेवाशुल्क आणि 9 टक्के कर चढतो का तेही बघायला सांगा. आणि ते दार अगदी शेजारी असण्याच्या रात्री तीनवरून एकीवर येतील. मागे लागूनच गार्डन्स बाय द बे आहे. रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला तिथल्या लोखंडी महावृक्षांवर दिव्यांचा आणि संगीताचा खेळ असतो, फुकट. खाडीकाठी हॉटेलसमोर रात्री आठ आणि नऊला पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळ, तोही फुकट. सासऱ्यांना चालणं जमत नसेल तर आधीच विचार करा, कारण संकुल अवाढव्य आहे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना म्हातारी माणसं थकतात. व्हीलचेअरची चौकशी आधी करून ठेवा.

"पुरुषांची रात्र" हवीच असेल तर तुमचा नवराच दुसरं काही सुचवू दे. आईवडिलांचे जुने फोटो जमवून दाखवायचे, सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी काही बसवायचं, ही जबाबदारी त्याने अंगावर घ्यावी. नुसतं नाही म्हणणारा माणूस सहज एकटा पडतो, पण हातात काम असलेल्याला सगळे विचारत येतात.

आणि एवढं करूनही तो गेलाच, असं समजा घडलं तर? तिथे, सगळ्यांसमोर, काही करू नका. आधी पैशांचे रस्ते बंद करा, कार्ड बंद करा, मग घरी आल्यावर बोला. ते घसरणं असेल, दोन वर्षं खोटी होती असा त्याचा अर्थ नाही. पण मग एकट्याने सावरायचा प्रयत्न पुन्हा करू नका, जाणकाराची मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. खरं तर त्यासाठी घसरण्याची वाट बघायची गरज नाही. नवरा तयार नसेल तर तुम्ही स्वतःसाठी फोन करा. तुमचं सोनं गेलं, झोप गेली, आणि तीन वर्षं सासरी हसतमुखाने वावरलात. तुमच्या पत्रात याबद्दल एकही तक्रार नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

शेवटचं, अगदी व्यवहाराचं: दिरांना आजच विचारून ठेवा की बुकिंग कोणत्या तारखेपर्यंत पैसे न कापता बदलता येतं. नवऱ्याशी बोलणं त्या तारखेच्या आत व्हायला हवं, म्हणजे एका रात्रीचा पर्याय निवडायचा झाला तर तो अजून हातात असेल.